हरता डाव बरोबरीत कसा सोडवायचा? रविवारच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी आमचे बुद्धिबळाचे सात पट मांडले जातात. पाचवीतल्या पोरांपासून निवृत्त आजोबांपर्यंत सगळे येतात. नवरात्रात आणि उत्तरायणाच्या आठवड्यात कुणी फिरकत नाही, एरवी ओसरी भरलेली असते. डावाची सुरुवात मुलं मोबाइलवर बघून पाठ करून येतात. शेवटाच्या नावानं मात्र सगळा आनंद. एक प्यादं गेलं की खांदे पडतात आणि "काका, पती गयुं" (संपलं) असं गुजरातीत जाहीर करून हात पुढे होतो. तो हात पुढे करण्याआधी जे विचारायला हवं, ते इथे एकत्र केलं आहे. घरांची नावं नेहमीचीच: उभ्या ओळी पांढऱ्याच्या डाव्या हाताला ए, उजव्या हाताला एच, आणि आडव्या रांगा पांढऱ्याकडून १ ते ८.

मी हरतोय हे मला दिसतंय. मग डाव सोडून दिला तर काय बिघडलं?

समोरच्याला जिंकता येतं हे त्यानं तुम्हाला दाखवलंय का, एवढंच आधी बघा. एक हत्ती जास्त असणं वेगळं आणि एका हत्तीनं मात करता येणं वेगळं. आमच्याकडच्या स्पर्धांत तेरा वर्षांखालच्या गटात हत्ती-राजाची मात न येणारी मुलं मी दरवर्षी बघतो, आणि त्यांच्यासमोर डाव सोडणारीही बघतो.

गायकवाडांच्या काळी बडोद्यात हत्तींची साठमारी चालायची. रिंगणात उतरलेला साठमार हत्तीला डिवचायचा, आणि हत्ती अंगावर आला की भिंतीतल्या अरुंद दारातून निसटायचा. माणूस मावेल, हत्ती मावणार नाही, एवढंच ते दार असे. हत्ती मागे लागल्यावर दार शोधत बसणारा साठमार दुसऱ्या दिवशी कामावर आला नसता. हरता डाव वाचवणं तसंच आहे. बरोबरीची दारं मोजकी आहेत, ती आधीच ठाऊक हवीत. पुढचे बहुतेक प्रश्न त्या दारांबद्दलच आहेत.

मोठे खेळाडूसुद्धा असं चिवटपणे खेळतात का?

तेच जास्त खेळतात. २०१६ च्या न्यूयॉर्कमधल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात जगज्जेत्या कार्लसननं तिसऱ्या आणि चौथ्या डावात आव्हानवीर कार्याकिनला पिळून काढलं होतं. तिसरा डाव ७८ चाली चालला, चौथा ९४. दोन्ही बरोबरीत सुटले. असे डाव बघताना मुलांना कंटाळा येतो हे मला मान्य आहे. मलाही पूर्वी यायचा.

चिवटपणे खेळायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

प्यादी मारून टाका, मोहरी सांभाळा. पडत्या बाजूचा हा पहिला नियम. जिंकणाऱ्याला शेवटी वजीर करायला प्यादं लागतं. तेच पटावरून नाहीसं झालं की त्याच्याकडचा एकटा उंट किंवा एकटा घोडा मात करू शकत नाही. दोन घोडे असले तरी समोरचा नीट खेळला तर मात लादता येत नाही. म्हणून तुमच्याकडे घोडा आणि त्याच्याकडे उंट अधिक शेवटचं एक प्यादं असेल, तर संधी मिळताच घोडा देऊन ते प्यादं खा. "घोडा दिला?" असं मागे बसलेले पालक पुटपुटतात. पुटपुटू द्या.

दुसरं म्हणजे खेळ पटाच्या एकाच बाजूला येऊ द्या. राजाच्या बाजूला चार विरुद्ध तीन प्यादी आणि एकेक हत्ती, असा डाव बहुधा वाचतो. तेच जास्तीचं प्यादं वजिराच्या बाजूला लांब पळत असेल तर काम कितीतरी अवघड होतं.

सगळी मोहरी मारामारीत, म्हणजे मोहऱ्याला मोहरं देत, संपवली की बरोबरी जवळ येते ना?

नाही, उलटं आहे, आणि हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. नुसत्या राजा-प्याद्यांच्या शेवटात एक प्यादं जास्त असणं बहुतेक वेळा जिंकायला पुरतं. हत्ती पटावर असताना तेच प्यादं पुष्कळदा पुरत नाही.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. भारताचा गुकेश आणि चीनचा डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चौदावा, शेवटचा डाव, गुण साडेसहा-साडेसहा. डिंग पांढरी मोहरी घेऊन खेळत होता. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, डिंगची दोन प्यादी आणि गुकेशची तीन, सगळी राजाच्या बाजूला. कंटाळवाणी पण धरून ठेवता येईल अशी स्थिती. ५५ व्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ वर आणून हत्तींची मारामारी देऊ केली. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेले, गुकेशनं उंट डी५ वर आणला, आणि आता उंटांची मारामारीही टळत नव्हती. उरला तो राजा-प्याद्यांचा हरता शेवट. तीन चालींत डाव संपला आणि अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. आमच्या ओसरीवर त्या दिवशी जल्लोष झाला, पण पुढच्या रविवारी मी तीच स्थिती मांडून सगळ्यांना डिंगच्या बाजूनं बसवलं.

मारामारी करण्याआधी हत्ती आणि उंट मनातल्या मनात पटावरून उचला आणि उरलेली राजा-प्याद्यांची स्थिती बघा. ती बरोबरीची आहे अशी खात्री नसेल तर मारामारी करू नका.

कोंडी म्हणजे काय, आणि ती मुद्दाम घडवून आणता येते का?

चाल तुमची आहे, राजाला शह नाही, पण एकही कायदेशीर चाल उरलेली नाही: ही कोंडी. मुलं स्टेलमेट म्हणतात. डाव तिथल्या तिथे बरोबरीत संपतो, पंचांना विचारावंही लागत नाही.

ती मी दुसऱ्या बाजूनं शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पर्धेत माझ्यासमोर नऊ वर्षांचा मुलगा होता. माझा वजीर पटावर, त्याचा काळा राजा एच८ वर, आणि त्याच्याकडे ए५ वर एकच प्यादं, तेही माझ्या ए४ च्या प्याद्यानं अडवलेलं. राजाला आधी जखडू, मग सावकाश मात करू, अशा ऐटीत मी वजीर जी६ वर ठेवला. जी७, जी८, एच७ तिन्ही घरं बंद. शह मात्र नाही. मुलानं पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सभ्यपणे हात पुढे केला. मला वाटलं, डाव सोडतोय.

तर हो, ती घडवता येते. तीन गोष्टी जमायला लागतात: राजा कोपऱ्यात किंवा कडेला, प्यादी सगळी अडकलेली, आणि उरलेलं मोकळं मोहरं फुकट देता येईल असं. ते मोहरं हत्ती असेल तर आमच्या वर्गात त्याला पिसाळलेला हत्ती म्हणतात. तो शत्रूच्या राजाला खेटून शह देत सुटतो. मारला तर कोंडी, नाही मारला तर शह चालूच.

सर्वांत गाजलेलं उदाहरण १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेतलं, लॅरी इव्हान्स विरुद्ध सॅम्युएल रेशेव्स्की. इव्हान्सची पांढरी बाजू पुरती हरलेली. त्यानं प्यादं एच४ वर सरकवून स्वतःच्याच प्याद्यांची हालचाल संपवली आणि राजा एच१ च्या कोपऱ्यात नेला. रेशेव्स्कीनं वजिरानं जी३ वरचं प्यादं खाल्लं. लगेच इव्हान्सनं वजीर जी८ वर देऊन शह दिला. राजानं तो खाल्ला. मग हत्तीनं जी७ वर शह. राजानं खाल्ला तर कोंडी, वजिरानं खाल्ला तरी कोंडी, आणि पळावं तर हत्ती सातव्या रांगेवरून पाठ सोडत नाही. हे रेशेव्स्कीसारख्या मुरलेल्या खेळाडूच्या बाबतीत घडलं.

एकटा राजा उरला की १६ चालींत मात केली नाही तर ड्रॉ, बरोबर ना?

दर वर्षी, दर तुकडीत हा प्रश्न येतो. कुणी १६ सांगतं, कुणी २१. असा नियम आंतरराष्ट्रीय बुद्धिबळात नाही. नियम ५० चालींचा आहे: दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी ५० चालींत एकही प्यादं हललं नाही आणि एकही मोहरं मारलं गेलं नाही, तर ज्याची चाल आहे तो बरोबरी मागू शकतो. मध्येच प्यादं हललं किंवा काही मारलं गेलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. मागितलं नाही तर डाव चालू राहतो. मात्र ७५ चाली झाल्या की पंच स्वतःहून बरोबरी जाहीर करतात.

त्याच्याकडे एक प्यादं, माझ्याकडे नुसता राजा. वाचता येतं?

पुष्कळदा येतं, आणि हे पहिलं दार पक्कं केल्याशिवाय पुढची शिकू नयेत. तुमचा राजा प्याद्याच्या समोर हवा. मागे हटायची वेळ आली की सरळ मागे हटायचं, तिरकं नाही.

पट मांडा. पांढरा राजा डी५, प्यादं ई६, काळा राजा ई७, चाल काळ्याची. बहुतेक मुलं डी८ किंवा एफ८ वर जातात, कारण मागे जायचं तर कुठेही जा असं वाटतं. डी८ वर गेलात की पांढरा राजा डी६ वर येतो, तुम्ही ई८, प्यादं ई७, तुम्हाला एफ७ वर जावंच लागतं, तो डी७ वर येतो आणि प्यादं वजीर होतं. आता सरळ ई८ वर जा. पांढरा राजा डी६ वर आला तर तुम्ही डी८, समोरासमोर. प्यादं ई७ वर येऊन शह देतं, तुम्ही ई८. आता प्यादं वाचवायला त्याला राजा ई६ वर आणावा लागतो, आणि तुमची कोंडी होते. पांढरा राजा एफ६ वर गेला तर तुम्ही एफ८. तो जिकडे जाईल त्याच्या समोर.

ही एक स्थिती मी मुलांना घड्याळ लावून वीस-वीस वेळा खेळायला लावतो. एक आई म्हणाली, "काका, हे पाढे पाठ करण्यासारखं झालं." तसंच आहे, ताई.

प्यादं ए किंवा एच या कडेच्या ओळीत असेल तर?

तर आनंद माना. राजा कोपऱ्यात पोचला की एकट्या कडेच्या प्याद्यानं काही होत नाही. त्याहून गंमत म्हणजे त्याच्याकडे उंटही असला तरी तो चुकीच्या रंगाचा असेल तर तुम्ही सुरक्षित आहात. प्यादं एच ओळीत, ते वजीर होणार एच८ वर, आणि एच८ हे काळं घर. त्याचा उंट पांढऱ्या घरांवरून फिरणारा असेल, तर एच८ वर बसलेल्या तुमच्या राजाला तो तिथून हुसकावू शकत नाही. त्याचा राजा फार जवळ आला तर कोंडी होते.

म्हणून उंट आणि प्याद्यांच्या शेवटात अडकलात की त्याच्या उंटाचा रंग बघा आणि मधली प्यादी मारत मारत त्याच्याकडे फक्त ते कडेचं प्यादं उरेल असं करा. बदल्यात आपलं एखादं मोहरं गेलं तरी चालेल.

हत्तीच्या शेवटात एक प्यादं कमी आहे. हत्ती कुठे ठेवू?

वर्गाचा अर्धा वेळ या प्रश्नात जातो, आणि जायलाच हवा. प्रत्यक्ष डावांत सर्वांत जास्त वेळा पुढे येणारा शेवट हाच.

१७७७ मध्ये फिलिदोर नावाच्या फ्रेंच माणसानं याचं उत्तर छापलं. तो बुद्धिबळपटू होताच, पण पेशानं संगीतकार, ऑपेरा लिहिणारा. गायक फैयाज खाँसाहेबांच्या गावात हे सांगितलं की आजोबा मंडळी त्याच्याकडे जरा आदरानं बघतात. त्याची रीत अशी. पांढरा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. काळा राजा ई८, म्हणजे प्याद्याच्या वाटेत. काळा हत्ती ए६ वर.

तुमचा हत्ती सहाव्या रांगेवर पहारा देतो. पांढऱ्या राजाला पुढे यायचं तर ती रांग ओलांडावी लागते, आणि ती बंद आहे. तुम्ही फक्त हत्ती त्या रांगेत इकडून तिकडे सरकवत राहायचं, त्याच्या राजाच्या तोंडी जाणार नाही एवढं सांभाळून. शेवटी तो कंटाळून प्यादं ई६ वर ढकलतो. आता क्षणाचाही विचार न करता हत्ती थेट ए१ वर न्या. एकदम खाली. का? प्यादं ई५ वर होतं तोवर त्याचा राजा ई६ वर जाऊन प्याद्याच्या पुढे आडोसा घेऊ शकत होता. आता त्या जागेवर प्यादंच बसलंय. राजा डी६ वर आला की तुम्ही हत्ती डी१ वर आणून मागून शह द्या, ई५ वर गेला की ई१ वरून, एफ६ वर गेला की एफ१ वरून. लपायला जागा नाही. प्यादं सोडून राजा खाली आला तर प्यादं धोक्यात येतं.

आता चूक काय होते ते सांगतो. घाबरलेलं मूल हत्ती आठव्या रांगेत राजाच्या शेजारी आणून ठेवतं. घरात शिरून कडी लावल्यासारखं त्याला सुरक्षित वाटतं. प्यादं बी किंवा जी ओळीतलं असेल तर हा बचावही टिकतो, कडेचं असेल तर टिकतोच. पण सी ते एफ मधल्या प्याद्यासमोर असं बसलात आणि त्याचा राजा सहाव्या रांगेत पोचला तर डाव गेला. दुसरी चूक घाईची: प्यादं ई५ वरच असताना हत्ती खाली नेऊन शह देत सुटणं. त्याचा राजा मग त्या आडोशाला जातो आणि रडकथा सुरू होते.

आणि हत्तीच्या शेवटात प्यादं ए ओळीत असेल तर?

तेव्हा योसेफ वांचुरा या चेक माणसाची रीत. ती १९२४ मध्ये छापून आली. पांढरं प्यादं ए६, पांढरा हत्ती त्याच्या पुढे ए८ वर. तुमचा राजा जी७ किंवा एच७ वर, हत्ती एफ६ वर, म्हणजे प्याद्यावर बाजूनं रोखलेला. त्याचा हत्ती प्याद्याच्या राखणीला बांधला गेला. त्याचा राजा बी५ वर येऊन ती राखण स्वतःकडे घेऊ बघतो, की तुम्ही एफ५ वरून शह द्या. तो बी६ वर, तुम्ही एफ६ वरून शह. प्यादं ए७ वर ढकललं तर लगेच हत्ती ए६ वर, प्याद्याच्या मागे.

राजा मात्र जी७-एच७ सोडून एफ७ वर आणू नका. प्यादं ए७ वर असताना त्याचा हत्ती एच८ वर जातो. तुम्ही ए७ चं प्यादं खाल्लंत की तो एच७ वरून शह देतो आणि त्याच रांगेतला तुमचा हत्ती मारतो. एकदा तरी हे स्वतःच्या पटावर व्हावं लागतं, त्याशिवाय डोक्यात राहत नाही.

हत्ती आणि उंट विरुद्ध एकटा हत्ती, प्यादी नाहीत. हे जातंच ना?

नीट खेळलात तर बहुतेक वेळा वाचतं, पण ५० चाली घाम काढतात. इथे कॉक्रन बचाव उपयोगी पडतो: राजा पटाच्या मध्याजवळ ठेवायचा, आणि उंट त्याच्या राजाच्या ओळीत आला की हत्ती लावून उंटाला राजाशी जखडायचं. त्यामुळे त्याच्या राजाला पुढे यायची सोय राहत नाही. जॉन कॉक्रन हा कलकत्त्यात वकिली करणारा स्कॉटिश माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यानं तिथे मोहेशचंद्र बॅनर्जींशी शेकडो डाव खेळले, आणि पटावरच्या 'इंडियन' बचावांच्या नावामागे त्या डावांचाच धागा आहे. मुलांना हे सांगितलं की बचाव लक्षात राहतो.

दोन प्यादी कमी आहेत, पण उंट विरुद्ध रंगांचे आहेत. आशा ठेवू का?

जरूर. त्याचा उंट ज्या घरांवर फिरतो त्याच्या विरुद्ध रंगाच्या घरांवर, म्हणजे तुमच्या उंटाच्या रंगावर, त्याची प्यादी अडवा आणि तिथे राजा उभा करा. त्याचा उंट त्या घरांकडे नुसता बघत राहतो. दोन प्यादी एकमेकांपासून लांब असतील तर मात्र अवघड, कारण राजा एका वेळी एकाच ठिकाणी असतो.

माझं प्यादं सातव्या रांगेत आहे, पण त्यानं वजीर करून टाकला. सोडू?

प्यादं कुठल्या ओळीत आहे ते बघा, आणि त्याचा राजा लांब आहे का ते बघा. समजा तुमचं पांढरं प्यादं सी७ वर, राजा बी८ वर, आणि त्याचा वजीर बी६ वर येऊन शह देतो. प्यादं वाचवायला राजा सी८ वर नेऊ नका, सरळ ए८ च्या कोपऱ्यात जा. वजिरानं प्यादं खाल्लं की कोंडी. सी, एफ, ए, एच या चार ओळींत हे दार उघडं असतं. बाकीच्या चार ओळींत बंद.

माझा राजा फार लांब आहे, पोचणारच नाही. मग?

हा प्रश्न आला की मी पटावर चारच मोहरी ठेवतो. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. चाल पांढऱ्याची. रिचर्ड रेटीनं १९२१ मध्ये रचलेली ही स्थिती आहे. काळ्याचं प्यादं पळतंय आणि पांढरा राजा त्याच्या मागे पोचत नाही. पांढऱ्याचं प्यादं काळ्या राजाच्या तोंडाशी आहे. कुणीही म्हणेल, गेलं.

राजा जी७. काळा एच४. राजा एफ६. काळ्यानं राजा बी६ वर आणला, प्यादं खायला. राजा ई५! आता काळ्यानं सी६ खाल्लं तर पांढरा राजा एफ४ वर जातो आणि एच ओळीतलं प्यादं गाठतो. प्यादं एच३ वर पळवलं तर राजा डी६ वर जाऊन स्वतःचं प्यादं पुढे काढतो आणि दोघांचे वजीर एकाच वेळी होतात. तिरकं चालल्यामुळे एका चालीत दोन कामं झाली. पटावर तिरकं अंतर सरळ अंतराइतकंच असतं, ही भूमिती डोळ्यांना पटत नाही, हातांनी खेळून पटवावी लागते. आमच्या एका निवृत्त आजोबांनी, आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसानं, घरं तीनदा मोजली. मग चहा थंड होऊ दिला.

तीच स्थिती तिसऱ्यांदा आली. ड्रॉ कसा मागायचा?

नीट मागायचा, नाहीतर माझ्यासारखं होईल. एका स्पर्धेत मी एक हरता शेवट चांगला धरून ठेवला होता. स्थिती तिसऱ्यांदा येणार होती. मी उत्साहात चाल केली, घड्याळ दाबलं आणि पंचांना हाक मारली. त्यांनी शांतपणे सांगितलं, आता चाल तुमची नाही, मागणी तुम्हाला करता येणार नाही. प्रतिस्पर्ध्यानं हसू दाबत वेगळी चाल केली आणि पाऊण तासानं मी हरलो. चूक सर्वस्वी माझी.

रीत अशी: ज्या चालीनं स्थिती तिसऱ्यांदा येणार ती स्कोअरशीटवर लिहा, पटावर करू नका, मोहऱ्याला हातही लावू नका. घड्याळ थांबवून पंचांना बोलवा. समोरच्याच्या चालीनं स्थिती तिसऱ्यांदा आली असेल तर काही न हलवता तसंच सांगा. तीनही वेळा चाल त्याच खेळाडूची असली पाहिजे. सलगच यायला हवी असं नाही. मागणी चुकीची निघाली तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि तुम्ही लिहिलेली चाल तुम्हाला करावी लागते. पाच वेळा तीच स्थिती आली तर पंच मागणीशिवाय डाव थांबवतात.

रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावांत, चाली लिहायची सक्ती नसते, त्यामुळे तिथे ५० चाली सिद्ध करणं कटकटीचं. मोजायला सुरुवात करताना पंचांना जवळ बोलवून ठेवलेलं बरं.

माझ्याकडे नुसता राजा आहे आणि त्याचा वेळ संपला. मी जिंकलो?

नाही, बरोबरी. एकट्या राजानं मात होऊच शकत नाही. उलट तुमचा वेळ संपला आणि त्याच्याकडे एक प्यादं जरी असलं तरी तुम्ही हरलात, कारण प्याद्याचा वजीर होऊ शकतो. म्हणून शेवटासाठी वेळ राखा. पहिल्या दहा चाली पाठ असूनही त्यांच्यावर वीस मिनिटं घालवणारी मुलं मला कळलेली नाहीत.

हरत असताना ड्रॉ विचारला तर चालेल का?

एकदा. चाल करा, मग विचारा, मग घड्याळ दाबा. पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे त्रास देणं, पंच समज देतात. शिवाय विचारलंत की तुम्ही घाबरला आहात हे त्याला कळतं. मी विचारत नाही.

कॉम्प्युटर "बरोबरी" म्हणतो, मग मी का हरलो?

दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या स्थितींची उत्तरं संगणकानं काढून ठेवली आहेत. पण ती बरोबरी अचूक चालींची असते, तुमच्या-माझ्या चालींची नाही. उलटंही आहे. दोन उंट विरुद्ध एक घोडा हा शेवट माणसं शतकभर बरोबरीचा समजत होती. १९८० च्या दशकात केन थॉम्प्सनच्या संगणकानं तो जिंकता येतो हे दाखवलं, पण घोडा पकडायलाच कधी कधी ५० हून जास्त चाली लागतात. म्हणजे घोडा सांभाळत पळत राहिलात तर पटावर बरोबरी मिळू शकते.

घरी सराव कसा करायचा?

दोघं बसा. फिलिदोरची स्थिती मांडा, पाच मिनिटांचं घड्याळ लावा, मग बाजू बदला. हल्ला करून बघितल्याशिवाय बचाव कळत नाही. घरात खेळणारं कुणी नसेल तर मोबाइलवरचा संगणक हल्लेखोर ठेवा, तो दमत नाही. आजोबांशी खेळणार असाल तर आधी नियम ठरवून घ्या. आमच्याकडे एका घरात कोंडी केली तर चाल परत घ्यावी लागते, आणि प्यादं ज्या ओळीत पोचेल त्याच ओळीतलं मोहरं होतं. त्या घरातला सातवीचा मुलगा सी ओळीत पोचून उंट घेऊन बसला होता आणि वर्गात येऊन विचारत होता, की काका, हा उंट चुकीच्या रंगाचा तर नाही ना?